किती रविवार मिळतील? कमी नियमांचा रोलप्लेइंग गेम निवडताना

"कुठला गेम घेऊ?" असं कुणी विचारलं की मी उलटा प्रश्न टाकतो: तुझी माणसं लागोपाठ किती रविवार येतील? "येतील की बे सगळे" हे उत्तर सोलापुरात धरायचं नसतं. परीक्षा असतात, लग्नसराई असते, नळाला पाणी यायचा दिवस असतो आणि शेवटी पुण्याची नोकरी असते. आमच्या पहिल्या सहाजणांतले दोघे हुतात्मा एक्स्प्रेसनं गेले ते आता दिवाळीलाच दिसतात. म्हणून टेबलटॉप रोलप्लेइंग गेम निवडताना नियम किती भारी यापेक्षा गट किती टिकेल हे मी आधी बघतो. पुढची सगळी तुलना याच हिशेबानं केलेली आहे, हे आधीच सांगून टाकतो.

ज्यांनी कधीच खेळलेलं नाही त्यांच्यासाठी एवढंच: एक जण गोष्ट चालवतो, त्याला जीएम म्हणतात. बाकीचे एकेक पात्र होतात. "मी कुंपणावरून उडी मारतो" असं म्हटलं आणि जमेल की नाही अशी शंका असली तर फासा ठरवतो. बोर्ड नाही, सोंगट्या नाहीत. कमी नियमांचा गेम म्हणजे फासा कधी टाकायचा आणि काय धरायचं हे एक-दोन पानांत, फार तर छोट्या पुस्तिकेत सांगून मोकळा होणारा गेम.

मोठं पुस्तक की एक पान

बहुतेक जण या छंदाकडे येतात ते डंजन्स अँड ड्रॅगन्सचे व्हिडिओ बघून. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी १९७४ साली आणलेला हा गेम म्हणजे या घराण्याचा मूळपुरुष. २०१४च्या पाचव्या आवृत्तीत खेळाडूंचं पुस्तकच तीनशेवर पानांचं आहे, शिवाय जीएमसाठी एक आणि राक्षसांचं एक. प्राथमिक नियम फुकट मिळतात, म्हणून आम्ही तिथूनच सुरुवात केली. जुळे सोलापुरातली गच्ची, मे महिना, रात्री नऊलाही कठडा तापलेला. पात्रं तयार करता करता अकरा वाजले. माझा मावसभाऊ जादूगाराच्या मंत्रांची यादी वाचत बसला होता. शेवटी कागद खाली ठेवून म्हणाला, "हे सगळं खरंय बे, पण खेळ कधी सुरू होणार?" त्या रात्री झालाच नाही.

तरी मी त्या गेमला नावं ठेवणार नाही. ज्याला पात्र घडवायलाच आवडतं, पुढच्या लेव्हलला काय घ्यायचं याचा विचार जो आठवडाभर करतो, त्याला एका पानाचा गेम म्हणजे मिठाशिवायची आमटी. तुमच्याकडे असे चौघे असतील आणि वर्षभर बसणार असतील तर इथेच वाचणं थांबवा आणि ते पुस्तक घ्या.

एक गैरसमज मात्र काढून टाकायला हवा. नियम कमी म्हणजे काम कमी, असं नाही. पुस्तकात जे लिहिलेलं नसतं ते जीएमला जागच्या जागी ठरवावं लागतं. हा वाद आपल्या छंदाहून जुना आहे. प्रशियाच्या सैन्यात १८२४ साली राइसवित्झनं अधिकाऱ्यांच्या सरावासाठी नकाशावरचा युद्धखेळ आणला, त्यात तक्ते आणि फासे भरपूर. पुढे १८७६ साली व्हेर्डी दु व्हेर्नुआ या अधिकाऱ्यानं मांडलं की बहुतेक तक्ते बाजूला ठेवा, अनुभवी पंचाला निकाल देऊ द्या. पण पंच अनुभवी हवा, ही अट त्यात आलीच. गटातला एक तरी माणूस गल्लीतल्या क्रिकेटमध्ये ज्याचा निर्णय भांडण न करता मान्य होतो असा असेल, तर कमी नियमांचा गेम बिनधास्त घ्या. नसेल तर जाड पुस्तकाचा आधार खरंच उपयोगी पडतो.

एकच रात्र हातात असेल तर

इथे दोन गेम समोरासमोर ठेवतो, कारण आम्ही दोन्ही बऱ्याचदा खेळलोय. दोन्ही एकेका पानाचे. जॉन हार्परचा लेझर्स अँड फीलिंग्ज २०१३चा, फुकट. ग्रँट हॉविटचा हनी हाइस्ट २०१७चा, मनाला येईल ती किंमत द्या.

लेझर्स अँड फीलिंग्जमध्ये तुम्ही अंतराळयानाचे खलाशी असता आणि कॅप्टन भलत्याच संकटात सापडलेला असतो. प्रत्येकानं २ ते ५ मधला एकच आकडा निवडायचा. विज्ञान, हिशेब, यंत्र असलं काही करायचं असेल तर फासा आकड्याच्या खाली पडायला हवा, माणसांशी आणि भावनांशी निगडित असेल तर वर. आम्ही त्याला सरळ 'डोकं' आणि 'काळीज' म्हणतो. आकडा मोठा तर डोकं तेज, लहान तर काळीज मोठं. एक फासा हक्काचा, तयारी केली असेल तर आणखी एक, त्या कामात वाकबगार असाल तर आणखी एक. आणि फासा नेमका तुमच्या आकड्यावर पडला तर जीएमला एक प्रश्न विचारायचा. उत्तर खरंच द्यावं लागतं.

या शेवटच्या नियमासाठी मी हा गेम पुन्हा पुन्हा काढतो. बँकेत काम करणाऱ्या आमच्या मित्रानं आकडा ५ घेतलेला, म्हणजे पक्का इंजिनियर. यानातली एक प्रवासी रडत होती, तिला धीर द्यायची पाळी नेमकी याच्यावर आली. काळजाचं काम, म्हणजे ६च हवा. त्यानं फासा टाकला, तो कठड्याला लागून फिरला आणि ५वर थांबला. म्हणजे प्रश्न. त्यानं थोडा विचार करून विचारलं, "ती खरंच रडतेय का?" मी जीएम होतो. मी म्हणालो, "नाही." गच्चीवर दोन-चार सेकंद कुणी बोललंच नाही. तोपर्यंत मलाही माहीत नव्हतं की ती खोटी आहे!

हनी हाइस्ट याच्या अगदी उलट. तुम्ही अस्वलं आहात आणि मधाचा मोठा दरोडा घालायचाय. पात्राकडे दोनच गोष्टी, 'अस्वल' आणि 'गुन्हेगार', सुरुवातीला दोन्ही ३. एकच फासा, आकडा तेवढा किंवा खाली आला तर जमलं. बेत फसला की गुन्हेगारातला एक गुण अस्वलात जातो, जमला की अस्वलातला गुन्हेगारात. कुठलाही आकडा ६ झाला की तुमचा कारभार संपला: एक तर पुरतं जनावर होऊन बिथरता, नाहीतर साथीदारांना दगा देऊन पसार होता. प्रत्येक अस्वलाला एक टोपीही असते, ती कुठली हे फाशावर ठरतं. आम्ही यादी बदलून त्यात फेटा, गांधी टोपी आणि माकडटोपी घातली आणि दरोडा होम मैदानावर, गड्ड्याच्या जत्रेत नेला. आकाशपाळण्याच्या टोकावर अडकलेलं माकडटोपीवालं अस्वल आमच्याकडे अजून चेष्टेचा विषय आहे.

दोन्हीत निवड कशी करायची? नवखे, लाजरे किंवा दहा-बारा वर्षांची भाचरं असतील तर हनी हाइस्ट. त्यात चुकायची भीती नाही, कारण चुकणं हीच गंमत आहे. शिवाय आकडे आपोआप एका टोकाला सरकत राहतात, त्यामुळे गोष्ट लांबत नाही आणि जीएमला शेवट शोधत बसावं लागत नाही. पण तिसऱ्यांदा खेळलात की तेच विनोद परत येतात. लेझर्स अँड फीलिंग्ज जास्त टिकतो, मात्र जीएम थोडा हजरजबाबी लागतो. मला एकच ठेवायला सांगितला तर तोच ठेवीन.

पाच-सहा रविवार मिळणार असतील तर

मग केर्न. योखाई गालनं २०२० साली आणलेली छोटी पुस्तिका, पीडीएफ फुकट. जंगल, जुने अवशेष, विचित्र जीव असा माहोल. तीन गुण, आम्ही त्यांना शक्ती, चपळाई आणि मनोबल म्हणतो, प्रत्येकासाठी तीन साधे फासे टाकून बेरीज. धोक्याचं काही केलं तर वीस बाजूंचा फासा गुणाइतका किंवा खाली यायला हवा. मारामारीत नेम लागला की नाही हे बघायचंच नाही, वार थेट बसतो. त्यामुळे लढाई दोन मिनिटांत निकाली निघते आणि बऱ्याचदा तुम्हीच निकाली निघता. मोबाइल गेमच्या सवयीनं दिसेल त्याच्यावर तुटून पडणारा आमचा एक गडी पहिल्या अर्ध्या तासात मेला. दुसरं पात्र दहा मिनिटांत तयार झालं आणि ते पात्र मात्र दाराला कान लावून ऐकायला लागलं.

सामानाच्या जागा दहाच. मोठी वस्तू दोन जागा खाते, थकवासुद्धा एक जागा खातो. कागदावर हे कंटाळवाणं वाटतं, पण "मशाल टाकू की दोर टाकू" यावर चौघं वीस मिनिटं खरंखुरं भांडलेली मी पाहिलीत. आणि सोलापूरच्या हिशेबानं सगळ्यात मोठा फायदा: यात योद्धा, वैद्य, चोर असे ठरलेले वर्ग नाहीत. मोठ्या गेममध्ये वैद्य आला नाही की सगळ्यांचं अडतं. इथे कुणी दांडी मारली तर त्याचं पात्र तंबूत झोपतं, खेळ चालू राहतो. परवानाही मोकळा आहे, नाव देऊन आणि त्याच अटींवर कुणीही त्याचा मराठी अवतार काढू शकतं. मी माझ्यापुरती चार पानं केलीत.

फेट अ‍ॅक्सेलरेटेड हाही याच वजनाचा, २०१३चा. अनेकांना तो फार आवडतो. माझं त्याच्याशी जमलं नाही, कारण त्यात प्रत्येक पात्राबद्दल नेमकी वाक्यं लिहून ठेवावी लागतात आणि ती नंतर वापरावी लागतात. पहिल्याच बैठकीत सगळे निबंध लिहायला बसल्यासारखे दिसत होते.

जीएम व्हायला कुणीच तयार नसेल तर

जेसन मॉर्निंगस्टारचा फियास्को, २००९. तीन ते पाच जण, जीएम नाहीच. सामान्य माणसं, मोठ्या हावा आणि हळूहळू सगळ्याचा विचका. सुरुवातीला फासे टाकून शेजारच्या खेळाडूशी तुमचं नातं, कुणाला काय हवंय, कुठली वस्तू, कुठली जागा हे ठरतं, मग पाळीपाळीनं प्रसंग करायचे. मध्यावर एक मोठी उलथापालथ येते. हा विकतचा आहे आणि खरं सांगायचं तर गेमपेक्षा एकांकिकेच्या जास्त जवळ जातो. कॉलेजात स्पर्धेच्या एकांकिका केलेली माणसं असतील तर डोळे झाकून घ्या. आमच्यातली दोघं तशी होती, त्यांनी लग्नघरातला हार चोरीला गेल्याचा असा काही गोंधळ घातला की खालून काकू विचारायला आल्या, "कुणाचा हार गेला रे?" बाकीचे दोघे मात्र रात्रभर प्रेक्षकच राहिले. ते या गेममध्ये होतं.

फासे आणि भाषा

साध्या फाशांसाठी लुडोचे दोन सेट मोडा, झालं. केर्नचे चार ते वीस बाजूंचे फासे गावातल्या दुकानात शोधण्यापेक्षा ऑनलाइन मागवा, तोवर फोनवरचं अ‍ॅप चालतं. फासा हातानं टाकण्यात मजा आहे हे खरं, पण त्यासाठी पहिली बैठक पुढे ढकलू नका.

नियम सगळे इंग्रजीत आहेत, याचा लोक उगाच धसका घेतात. एक पान जीएमनं वाचून मराठीत सांगायला दहा मिनिटं लागतात. आमच्या टेबलावर तर एक जण घरी तेलुगू बोलतो, एक कन्नड. केर्नमधला म्हातारा जादूगार मुद्दाम कन्नडमध्ये कुरकुरतो आणि ते कळायला एकाच पात्राची मदत घ्यावी लागते. असली सोय कुठल्या पुस्तकात लिहून मिळणार?

सध्या आमचा केर्नचा पाचवा रविवार आलाय. दोर टाकून मशाल ठेवली होती, आणि आता समोर विहीर आहे. बँकवाल्याकडे त्या दिवशी नळाला पाणी आहे, म्हणून तो साडेनऊला येईल. तोवर त्याचं पात्र विहिरीच्या काठावर झोपलेलं राहील.