संत्र्यांच्या लाकडी पेटीचे दुसरे आयुष्य: दहा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या डिसेंबरात अंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडाला तोडणीस येणारी, संत्री मागवताना काटोलकडच्या एका बागायतदाराने विचारले होते की, नेहमीच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात पाठवू की २२० रुपये जादा घेऊन घरी वापरता येईल अशा लाकडी पेटीत. आम्ही दोन पेट्या घेतल्या. नागपूरचा हिवाळा, उन्हाळा आणि पावसाळा त्यांनी आमच्या घरात काढला असल्याने आता त्यांच्याविषयी लिहायला हरकत नाही.

पेटीत दहा किलो फळ मावते. फळ्या आंब्याच्या लाकडाच्या, दोन फळ्यांमध्ये बोटभर फट, धरायला दोन्ही बाजूंनी खोबणी आणि वरून खाचेत सरकणारे झाकण. फटी शोभेच्या नाहीत. तोडल्यानंतरही फळाचे श्वसन चालूच असते आणि त्यातून निघणारी ऊब व ओल बाहेर पडली नाही, तर संत्री सडू लागतात. शिवाय नागपुरी संत्र्याची साल सैल असल्यामुळे दाब त्याला सोसत नाही, म्हणून पेटी ताठ असावी लागते. माझ्या लहानपणी तणस घातलेल्या पेट्या येत, पण त्या उघडताना खिळे वाकत, फळी चिरे आणि उरलेली पेटी सरळ बंबाखाली जाई. या पेटीत खिळ्यांऐवजी स्क्रू आहेत आणि कडा घासलेल्या आहेत. एवढ्या दोन गोष्टींनी ती जळणातून वाचली.

पहिली पेटी आम्ही हौसेने आडवी ठेवून पुस्तकांचे कपाट केले आणि ते महिनाभरात मोडीत काढले. प्रत्येक फटीतून धूळ आत येई आणि पातळ पुस्तके फटीत अडकून दुमडत. सासूबाईंनी तीच पेटी स्वयंपाकघरात नेऊन कांदे-लसणासाठी वापरायला घेतली, तेव्हा तिला तिची जागा सापडली. खालूनही हवा लागत असल्यामुळे तळाचे कांदे नेहमीसारखे ओलावले नाहीत आणि पावसाळ्यातही फारच थोडे टाकावे लागले. वाटेत जे काम पेटी करत होती, त्याच्या जवळचेच काम तिने घरात चोख केले. 'कशासाठीही वापरा' असे सांगण्यापेक्षा विकणाऱ्याने हेच एक काम सांगितले असते, तर पुस्तकांचे हाल टळले असते.

खरी अडचण झाकणाची. मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत गेला, तेव्हा ते खाचेत खुळखुळत होते. मात्र कूलरजवळ ठेवलेल्या दुसऱ्या पेटीचे झाकण त्याच दिवसांत घट्ट बसत होते. जुलैत दोन्ही झाकणे इतकी आवळली की पेटी पायाने दाबून ओढावी लागली. लाकूड ओल घेते तेव्हा रेषांच्या आडव्या दिशेने फुगते, लांबीत जवळजवळ वाढत नाही. येथे झाकणाच्या रेषा सरकण्याच्या दिशेने असल्यामुळे सगळी फुगवण दोन खाचांच्या मध्येच अडकते. रेषा एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत घेतल्या असत्या, तर तेच झाकण पुढे-मागे किंचित वाढले असते आणि कोणाला कळलेही नसते. ओळखीच्या सुताराने रंधा मारून दोन्ही कडांचे मिळून तीन मिलिमीटर काढले. आता ते पावसाळ्यात सरकते आणि उन्हाळ्यात बहुधा पुन्हा खुळखुळेल.

बाहेरून आम्ही घाण्यावरच्या जवसाच्या तेलाचे दोन हात दिले. ते वाळायला कितीतरी दिवस लागले, पण डाग धरणे कमी झाले. तेलाची फडकी मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, कारण तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि ती आपोआप पेट घेऊ शकतात; मोकळी पसरून वाळवावीत. नावाचा कागदी लेबल असा चिकटवलेला होता की तो काढायला पॉलिश पेपर लागला. ऑगस्टमध्ये दुसऱ्या पेटीच्या एका फिकट फळीतून पिठासारखा भुसा पडू लागला. आंब्याच्या बाहेरच्या, कोवळ्या लाकडाला कीड लवकर लागते. ती फळी काढून टाकून नवी बसवली, आणि स्क्रू असल्यामुळे ते काम दहा मिनिटांत झाले.

हे पाहून शेजाऱ्यांनी कारखान्यातले जुने पॅलेट, म्हणजे माल रचायच्या लाकडी चौकटी, आणायचे ठरवले आहे. त्यांना एवढेच सांगितले की परदेशी मालाबरोबर आलेल्या लाकडावर शिक्का पाहावा. 'एचटी' म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर किमान ३० मिनिटे तापवलेले आणि 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेले, जे स्वयंपाकघरात आणू नये.

यंदाच्या बहारासाठी मी एकच पेटी सांगितली आहे, आणि जुन्या दोन पेट्यांसाठी रेषा आडव्या घेतलेली नुसती झाकणे मिळतील का, हेही विचारले आहे.