जँगोचं ‘रिव्हर्स’, नऊ महिन्यांनंतर: ‘पाणी’चं ‘पण’ झालं तिथवर सगळं छान

एका तालुक्याच्या वाचनालयाची वेबसाइट मी नऊ महिने जँगो ५.२ वर (पायथन भाषेतली वेबसाइट बांधायची चौकट) चालवतोय. आधीची पीएचपीत होती आणि तिच्यातली प्रत्येक लिंक हातानं लिहिलेली. पुस्तकांचा विभाग ‘/बुक/’ वरून ‘/पुस्तक/’ वर न्यायचा ठरला तेव्हा दोन रात्री शोधा-बदला करत बसलो. तरी तळपट्टीतली एक लिंक राहिलीच, आणि ती सापडली थेट ग्रंथपालबाईंना.

जँगोत पत्त्याला एक नाव द्यायचं आणि पुढे त्याला नावानंच हाक मारायची. नाव सांगितलं की पत्ता बनवून देतं ते पायथनमध्ये रिव्हर्स फंक्शन, टेम्प्लेटमध्ये (पानाच्या साच्यात) यूआरएल टॅग. परवा ‘सभासद’ विभागाचा पत्ता बदलला. बदलली ती एक ओळ, बाकी सगळ्या लिंका आपोआप नव्या पत्त्यावर. जुन्या पत्त्यावरून येणाऱ्यांसाठी रीडायरेक्टव्ह्यू (नव्या पत्त्याकडे वळवणारा कोड) लावला, त्यालाही नाव सांगितलं की पुरतं. प्रत्येक ॲपला, म्हणजे साइटच्या प्रत्येक भागाला, नेमस्पेस (त्याच्या नावांचं जणू आडनाव) पहिल्याच दिवशी द्या. आमच्याकडे तीन ॲपमध्ये ‘यादी’ नावाचे पत्ते होते आणि सभासदांच्या पानावरचं बटण पुस्तकांच्या यादीवर जात होतं.

आता माझ्या मते यातला सगळ्यात मोठा गुण, जो पहिल्या महिन्यात दुर्गुण वाटला होता: साच्यात बसणारा पत्ता बनत नसेल तर रिव्हर्स अर्धवट काही देत नाही, सरळ नोरिव्हर्समॅच (जुळणारा पत्ता नाही) म्हणून कोसळतो. जुन्या नोंदींचे स्लग (पत्त्यात येणारं पुस्तकाच्या नावाचं रूप) कुणीतरी रोमन लिपीत हातानं भरलेले होते. पहिलं नुसतं मराठी नावाचं पुस्तक चढवलं आणि अख्खं यादीचं पान पाचशेच्या (सर्व्हरच्या बिघाडाच्या) एररनं पडलं. एका पुस्तकापायी! कारण स्लगिफाय फंक्शन मूळ सेटिंगमध्ये देवनागरी अक्षरं गाळून टाकतं; उरला रिकामा स्लग, आणि रिकाम्या स्लगचा पत्ता बनवायला रिव्हर्सनं नकार दिला. त्या दिवशी चिडलो, पण जुन्या वेबसाइटनं हीच लिंक मुकाट्यानं अर्धवट छापली असती आणि मला पत्ताही लागला नसता.

मग स्लगिफायचं ॲलाउ-युनिकोड, म्हणजे इतर लिप्या चालू देणारं सेटिंग, चालू केलं. इथून खरी गंमत. ‘पाणी’चा स्लग आला ‘पण’. ‘कोल्हापूर’चा ‘कलहपर’ (कोल्हापूरकरांनी रागवू नये). काळ, कळी, केळं या तिघांचाही ‘कळ’. दोष पायथनच्या रेगेक्समधला (अक्षरांचे नमुने ओळखणाऱ्या नियमांतला): त्याच्या लेखी काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही अक्षरंच नव्हेत, म्हणून ती चाळणीतून खाली पडतात. शिवाय पत्त्याचा तो तुकडा तपासणारा स्लग कन्व्हर्टर फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे, हायफन आणि अंडरस्कोर ओळखतो, त्यामुळे ‘पण’ सुद्धा त्याला चालेना, पुन्हा नोरिव्हर्समॅच. स्लग हा शब्द मुळात वृत्तपत्रांच्या कचेरीतला, आणि जँगोही कॅन्ससमधल्या एका वृत्तपत्रासाठी घडलेलं, २००५ मध्ये सगळ्यांना खुलं झालेलं. कॅन्ससच्या बातमीदाराला वेलांटीशी काय घेणं!

उपाय अवघड नाही: स्वतःचा कन्व्हर्टर वर्ग लिहायचा, देवनागरीचा युनिकोडमधला पट्टा रेगेक्समध्ये घालायचा आणि स्लग बनवणारं फंक्शनही स्वतःचं ठेवायचं. वीसेक ओळी. त्यात एक खाच राहतेच. ‘वाऱ्यावर’मधला ‘ऱ्य’ काहीजण ‘ऱ’ घेऊन टंकतात, काहीजण साध्या ‘र’ला हलन्त आणि न दिसणारा जोडक देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखे, पत्ते मात्र दोन. आम्ही सेव्ह करतानाच एकाचं दुसरं करून टाकतो.

एवढं करून मिळालं काय? पत्ता ब्राउझरमध्ये देखणा दिसतो, पण कॉपी करून कुणाला पाठवा, एकेका अक्षराची आणि काना-वेलांटीचीही नऊ-नऊ चिन्हं होतात. ‘पाणी’ची छत्तीस. ग्रंथपालबाईंनी विचारलं, “सर, लिंकला व्हायरस लागलाय का?” शेवटी आम्ही पत्त्यात आधी नोंदक्रमांक ठेवला आणि मागे स्लग, पुस्तक शोधायचं क्रमांकावरून, स्लग नुसता शोभेला. क्रमांक इंग्रजी आकड्यांतच हवा, कारण इंट कन्व्हर्टरला ‘१२’ कळत नाही.

माझी एक चूक कबूल करतो. पुस्तक परत करण्याची आठवण देणारे ईमेल रात्री आपोआप जातात. रिव्हर्स फक्त मार्ग देतो, डोमेन नाही. पूर्ण पत्ता ब्राउझरकडून आलेल्या विनंतीवरून बांधता येतो, पण रात्रीच्या कामात विनंतीच नसते. म्हणून डोमेनची नोंद ठेवणारं जँगोचं साइट्स ॲप वापरलं आणि त्यातली पहिली नोंद बदलायला विसरलो. सभासदांना लिंका गेल्या ‘एक्झाम्पल डॉट कॉम’च्या. तीन दिवस कुणी बोललं नाही, यावरून त्या ईमेल किती वाचल्या जातात तेही कळलं.

जावास्क्रिप्टच्या स्थिर फाइलीत यूआरएल टॅग चालत नाही. पत्ता एचटीएमएलच्या डेटा ॲट्रिब्यूटमध्ये ठेवून तिथून उचलतो. ५.२ मध्ये रिव्हर्सला क्वेरी (पत्त्यातला प्रश्नचिन्हापुढचा भाग) थेट देता येते, त्यामुळे शोधपानासाठी चिकटवाचिकटवी संपली.

टेस्टबद्दल (साइट नीट चालते का ते तपासणाऱ्या कोडबद्दल) मात्र माझं मत सहकाऱ्यांशी जुळत नाही. ते सगळीकडे रिव्हर्स वापरतात. मी पाच-सहा टेस्टमध्ये पत्ता मुद्दाम हातानं लिहितो. कारण वाचनालयाच्या दारावर क्यूआर कोड चिकटवलाय, आणि त्याला रिव्हर्स येत नाही.