एन्डोअ‍ॅनल सोनोग्राफी: टेस्टला घाबरू नका, पण करणारा माणूस बघून करा

पहिल्या डिलिव्हरीला फोर्सेप्स लावला होता, टाके बरेच पडले आणि नंतर आठ महिने मला गॅस रोखताच यायचा नाही. आईलाही सांगितलं नव्हतं. शेवटी सर्जनकडे गेले, त्यांनी ही टेस्ट लिहून दिली, म्हणजे गुदद्वारातून प्रोब (सोनोग्राफीची कांडी) आत घालून करायची सोनोग्राफी. आधी दुसरीकडे केली, तिथे पटकन उरकलं आणि रिपोर्ट दिला की बाहेरचा स्फिंक्टर (गुदद्वार आवळून धरणारा गोल स्नायू) पुढच्या बाजूला तुटलाय. दोन रात्री झोप नाही. सर्जनना फोटो बघून शंका आली म्हणून त्यांनी इथे, या सेंटरमध्ये, परत करायला पाठवलं.

इथल्या रेडिओलॉजिस्ट मॅडमनी प्रोब आधी हातात घेऊन दाखवला. बोटापेक्षा थोडा जाड, वर कंडोम आणि जेल, भूल वगैरे काही नाही, डाव्या कुशीवर झोपायचं. आतलं टोक गोल फिरतं म्हणून सगळीकडून चित्र येतं. दुखलं नाही, संडासला लागल्यासारखं वाटतं फक्त, दहा मिनिटांत झालं.

मग स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि हेच मला सगळ्यात जास्त आवडलं. मधल्या भागात एक काळी बांगडी दिसते, साधारण २-३ मिलिमीटर जाडीची, तो आतला स्फिंक्टर, तो आपोआप आवळलेला असतो, आपल्या हातात नसतो. त्याच्या बाहेर पांढरट, जाड रिंग, तो बाहेरचा, जो आपण मुद्दाम आवळतो. वर गेलं की मागून यू आकाराचा पट्टा येतो, त्या स्नायूचं नाव प्युबोरेक्टालिस, आणि अगदी खाली काळी बांगडी संपते, नुसता बाहेरचा उरतो. आता मुद्दा असा की बायकांमध्ये बाहेरचा स्फिंक्टर पुढून आखूडच असतो, त्यामुळे वरच्या भागात पुढे रिकामी जागा दिसते आणि ते नॉर्मल आहे!! प्रोब हळूहळू खाली घेतला तशी माझी रिंग पुढून पूर्ण जुळली, मी डोळ्यांनी बघितलं, तिथेच रडले.

मॅडम म्हणाल्या बाळंतपणात खरंच फाटतंही, लंडनच्या १९९३ च्या अभ्यासात पहिलटकरणींपैकी ३५ टक्के जणींच्या स्फिंक्टरला इजा दिसली होती आणि त्यातल्या बऱ्याच जणींना काही त्रासही नव्हता, म्हणून लाजून टेस्ट टाळू नका. आणि हेही स्पष्ट सांगितलं की सोनोग्राफीत स्नायू अख्खा आहे का ते कळतं, जोर किती ते नाही, त्यासाठी मॅनोमेट्री (दाब मोजायची टेस्ट) वेगळी. सध्या माझी पेल्विक फ्लोअरची (ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची) फिजिओथेरपी चालू आहे, फरक पडतोय.

कपडे बदलायला फक्त पडदा आहे, त्याला नीट दार हवं, आणि अपॉइंटमेंट असून तासभर बसले, बाळाला घेऊन जड गेलं. तरी पाच स्टार. कुठेही केलीत तरी वरचा, मधला, खालचा असे तिन्ही फोटो मागून घ्या, माझ्या आधीच्या रिपोर्टला एकच होता.