डीएनए काढायला स्ट्रॉबेरी की केळं?

साताऱ्यात हिवाळाभर महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी मिळते, तोवर केळ्याकडे वळूच नका. स्ट्रॉबेरीत गुणसूत्रांचे 8 संच म्हणजे 56 गुणसूत्रं, म्हणून डीएनए जास्त, असं सर्रास सांगतात. खाण्याच्या बहुतेक केळ्यांत 3 संच, 33 गुणसूत्रं. पण स्ट्रॉबेरीचा एकेक संच लहान, केळ्याचा बराच मोठा. पेशीमागे फरक फारसा उरत नाही. खरा फायदा वेगळाच: पिकलेली स्ट्रॉबेरी चिमटीत चिरडते, पटकन गाळली जाते आणि लाल रसावर डीएनएचे पांढरे धागे उठून दिसतात. केळ्याचा लगदा फडक्यात अडकतो, काळाही पडतो.

कृती दोन्हींची एकच. 50 ग्रॅम फळ पिशवीत चिरडा. 50 मिली पाण्यात भांडी घासायचं लिक्विड 1 चमचा आणि मीठ अर्धा चमचा घालून ते मिश्रण पिशवीतल्या फळावर ओता, पण फेस काढू नका. साबण पेशीची आणि केंद्रकाची पटलं फोडतो. मीठ डीएनएचा ऋण प्रभार झाकतं, म्हणून धागे एकत्र येतात. गाळलेल्या रसावर तेवढंच बर्फगार आयसोप्रोपिल अल्कोहोल काठावरून हळूच सोडा. 5 मिनिटांत दोन थरांच्या मधे धागे दिसतात.

सॅनिटायझर वापरलात तर बहुधा फसेल, त्यात पाणी जास्त. ढवळलंत तर धागे तुटतात. केळं घेणं भागच असेल तर ठिपके पडलेलं घ्या. कच्च्यात स्टार्च फार. आणि काडीला न गुंडाळणारा जेलीसारखा गोळा डीएनए नसून बहुतेक पेक्टिनच (फळातला जेलीसारखा घट्ट होणारा पदार्थ) असतो.