वाचन-लेखन: एकत्र की वेगवेगळं?

घरीच शिकणाऱ्या चार वर्षांच्या मुलाला अक्षर ओळखतानाच गिरवायला द्यावं, की आधी वाचन पक्कं होऊ द्यावं?

एकत्र शिकवलं की आकार हातातून मनात उतरतो. ‘भ’ आणि ‘म’, ‘घ’ आणि ‘ध’ यांत डोळा सहज फसतो. पण ‘भ’ची वरची गाठ बोटाने वळवून पाहिली की फरक पक्का बसतो. इटालियन शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरींची खरखरीत कागदाची अक्षरं याचसाठी आहेत: बोट फिरवायचं आणि तोंडाने आवाज काढायचा. त्यांच्या १९०७ साली रोममध्ये सुरू झालेल्या बालशाळेत मुलं वाचण्याआधीच लिहू लागली होती.

वेगळं शिकवण्याची बाजूही खरी आहे. बोटांत पुरेसं बळ नसतं, पेन्सिल घट्ट आवळली जाते, हात दुखतो. मग गोष्ट वाचायला उत्सुक असलेलं मूलही वही दिसताच पळ काढतं. लिहिण्यापायी वाचन अडवून धरणं मला अजिबात पटत नाही.

म्हणून मी एकत्रच शिकवण्याच्या बाजूने आहे, फक्त पेन्सिलशिवाय. वाळूत बोटाने ‘ग’ काढावा, ‘ग’ म्हणावा, गवत, गाय, गाडी शोधावी. वही पुढे कधीही आणता येते.