इंजिन पुढे की मध्ये? ऑटोमेशनमध्ये स्पोर्ट्स कार बांधण्यापूर्वी

ऑटोमेशन या गाड्या बनवण्याच्या कॉम्प्युटरवरच्या खेळात स्पोर्ट्स कार बांधायला घेतली की बहुतेकांचा हात आधी हेडलाइट आणि रंगाकडे जातो. पण इंजिन कुठे बसणार हे ठरवलं तेव्हाच गाडीचं निम्मं भवितव्य ठरलेलं असतं. बॉडीची प्रमाणं, टायरची रुंदी, ब्रेक आणि सस्पेन्शन या सगळ्या गोष्टी त्या एका निवडीमागून येतात. ती नंतर बदलली, तर जवळजवळ सगळी गाडी पुन्हा जुळवावी लागते.

इथे दोन मांडण्या समोरासमोर ठेवल्या आहेत. पहिलीत इंजिन पुढे, गाडीच्या लांबीत उभं बसवलेलं. दुसरीत ते आसनांमागे, मागच्या ॲक्सलच्या पुढे. दोन्हींत ताकद मागच्या चाकांना. हिशेबासाठी दोन्ही गाड्या १,२०० किलोच्या, व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधलं अंतर) २.४ मीटर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ४८ सेंटीमीटर उंच धरला आहे. तक्त्यातला १ जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाएवढा प्रवेग.

| | इंजिन पुढे | इंजिन मध्ये |
|---|---|---|
| वजनाची वाटणी, पुढे : मागे | ५३ : ४७ | ४२ : ५८ |
| १ जीच्या ब्रेकिंगला पुढच्या चाकांवर भार | ८७६ किलो | ७४४ किलो |
| ०.६ जीने वेग घेताना मागच्या चाकांवर भार | ७०८ किलो | ८४० किलो |
| टायरची रुंदी (मिलिमीटर), सुरुवातीला, पुढे / मागे | २०५ / २१५ | १९५ / २३५ |
| आसनं | २ किंवा २+२ (मागे दोन छोटी) | २ |

तिसरी ओळ नीट पाहा. वेग घेताना मधल्या इंजिनाच्या गाडीत मागच्या चाकांवर १३२ किलो जास्त भार येतो. त्यामुळे तेवढीच ताकद ती कमी व्हीलस्पिनमध्ये रस्त्यावर उतरवते. दुसऱ्या ओळीचा परिणाम ब्रेकवर होतो. पुढे इंजिन असलेल्या गाडीत जोरदार ब्रेकिंगच्या वेळी मागच्या चाकांवर एकूण भाराचा २७ टक्के वाटा राहतो, मधल्या इंजिनाच्या गाडीत ३८ टक्के. म्हणून एका गाडीचं ब्रेकचं सेटिंग दुसरीत जसंच्या तसं वापरू नका. मध्ये इंजिन असेल तर मागची डिस्क मोठी घ्या. नाहीतर मागच्या टायरची पकड वाया जाते आणि थांबण्याचं अंतर उगाच वाढतं.

मधल्या इंजिनाची खरी मोहिनी मात्र वळणात आहे. १६० किलोचं इंजिन गुरुत्वमध्यापासून १.३ मीटरवर असेल तर गाडी वळवताना त्याचा विरोध (वजन गुणिले अंतराचा वर्ग, किलो आणि मीटरमध्ये) २७० इतका भरतो. तेच इंजिन ०.६ मीटरवर आणलं की तो ५८ वर येतो. अंतराचा वर्ग होतो म्हणून फरक एवढा मोठा. स्टिअरिंग फिरवलं की गाडीचं नाक लगेच वळतं ते यामुळेच. पण नाक सहज वळतं तसा मागचा भागही सहज सुटतो, आणि सुटला की सावरायला वेळ फार कमी मिळतो.

खेळात हे स्टिअरिंगच्या आलेखावर दिसतं. वेग वाढत जाईल तशी रेषा ओव्हरस्टिअरकडे (मागचा भाग बाहेर सुटण्याकडे) झुकू लागली की ड्रायव्हेबिलिटीचा, म्हणजे गाडी चालवायला किती सोपी त्याचा, आकडा धाडकन खाली येतो. अशा वेळी अनेक जण आधी स्प्रिंग कडक करत बसतात, आणि तिथेच तासभर जातो. आधी टायर बघा. मागची रुंदी १० मिलिमीटरने वाढवा किंवा पुढची तेवढीच कमी करा. त्यानंतर पुढचा अँटी-रोल बार (वळणात गाडी कलू न देणारा दांडा) कडक आणि मागचा सैल करा. कॅम्बर (चाकाचा उभा कल) त्याच्यानंतर, आणि स्प्रिंग-डँपर सगळ्यात शेवटी. एका वेळी एकच स्लायडर हलवायचा आणि दर वेळी आलेख बघायचा. दोन स्लायडर एकदम हलवले तर कशाने काय झालं ते कळत नाही. जास्त वेगाला किंचित अंडरस्टिअर (नाक वळणाबाहेर जाणं) उरला की थांबा. पुढच्या इंजिनाच्या गाडीत हे सगळं बरंच सोपं जातं, कारण तिचा मूळ कलच अंडरस्टिअरकडे असतो. तिथे २०५ / २१५ वर पहिल्याच फेरीत चालवण्याजोगी गाडी मिळते.

इंजिन निवडताना पारडं पुन्हा पुढच्या जागेकडे झुकतं. सरळ रेषेतलं सहा सिलिंडरचं इंजिन घ्या, बोअर (सिलिंडरचा व्यास) ८६ आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ८६ मिलिमीटर: २,९९७ सीसी. हे लांब असतं पण अरुंद, त्यामुळे पुढे डबल विशबोन सस्पेन्शन (प्रत्येक चाकाला वर-खाली दोन आडवे हात) घेऊनही बसतं. डीओएचसी हेडचं (वर दोन कॅमशाफ्ट असलेलं, म्हणून रुंद) व्ही-८ घ्यायला जाल तर गाठ रुंदीशी पडते. डबल विशबोन इंजिनाची जागा दोन्ही बाजूंनी खातं आणि इंजिन बसत नाही. मग मॅकफर्सन स्ट्रट (कमी जागा घेणारं साधं सस्पेन्शन) घ्या, नाहीतर हेड बदला. पुशरॉडचं (कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये असलेलं) व्ही-८ कितीतरी आटोपशीर असतं. मात्र ते उंच आरपीएमला पळणार नाही.

मध्ये मात्र लहान बॉडीत सरळ सहा बसवायचा हट्ट सोडा. आडवं व्ही-६ किंवा आडवं चार सिलिंडर घ्या. खऱ्या गाड्यांनीही हाच मार्ग धरला: १९८४ च्या टोयोटा एमआर२ मध्ये आडवं १.६ लिटरचं चार सिलिंडर आणि १९९० च्या होंडा एनएसएक्समध्ये ३ लिटरचं आडवं व्ही-६. एनएसएक्सचा स्ट्रोक ७८ मिलिमीटर होता. ८,००० आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २०.८ मीटर येतो. तोच स्ट्रोक ९० केला तर वेग २४ वर जातो, आणि साध्या कास्ट कनेक्टिंग रॉडना तो झेपत नाही. एनएसएक्समध्ये टायटॅनियमचे रॉड होते ते उगाच नाही. खेळातही आरपीएमची मर्यादा वाढवण्याआधी रॉड, पिस्टन आणि क्रँक कुठपर्यंत टिकतात ते बघून घ्या.

टर्बो लावायचा असेल तर पुढच्या इंजिनाच्या गाडीत लावा. कॉम्प्रेशन १०.५ वरून ९ च्या आसपास आणा, नाहीतर नॉकिंग (इंधन वेळेआधी पेटून बसणारे ठोके) सुरू होतं आणि इग्निशन मागे घेऊन मिळवलेली ताकद गमवावी लागते. टर्बोचा मोठा कॉम्प्रेसर दाब उशिरा आणि एकदम आणतो. मधल्या इंजिनाच्या गाडीत तो धक्का ऐन वळणात बसला की मागचा भाग सुटतो. तिथे लहान टर्बो किंवा टर्बोशिवायचं इंजिनच बरं, सोबत गिअरचं लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल (एकच चाक फिरत राहू न देणारं).

आता दिसण्याकडे वळू. कल्पनेतली गाडी खोटी वाटते ती बहुतेक वेळा इंजिन एकीकडे आणि बॉनेट भलतंच सांगतं म्हणून. पुढे उभं सहा सिलिंडर असेल तर पुढच्या चाकाची कमान आणि दाराची पुढची कड यांच्यात अंतर दिसायला हवं. मॉर्फ करताना (बॉडी ओढून आकार देताना) केबिन मागे ढकला, पुढचा ओव्हरहँग (चाकांपुढे आलेला भाग) तोडा. मध्ये इंजिन असेल तर केबिन पुढे येते, नाक आखूड होतं आणि दारामागे हवेचं तोंड लागतं. ते तोंड नुसतं चिकटवू नका. व्हेंटचं फिक्स्चर (बॉडीवर लावायचा तयार तुकडा) घ्या, दाराच्या मागच्या कडेला समांतर होईपर्यंत फिरवा आणि वरची कड खिडकीच्या खालच्या रेषेला टेकवा. आत काळा, चमक नसलेला रंग द्या. तरच ते खोल वाटतं. रेडिएटर बऱ्याचदा नाकातच असतो, त्यामुळे बंपरमध्ये खाली एक रुंद, बसकं तोंड ठेवा. वर मोठी जाळी नको.

फिक्स्चर लावताना हात आखडता ठेवा, विशेषतः गाडी बीमएनजी ड्राइव्ह या गाडी चालवण्याच्या खेळात नेणार असाल तर. एकावर एक रचलेल्या शेकडो तुकड्यांनी तिथे खेळ जड होतो.

पहिलीच स्पोर्ट्स कार असेल, २+२ हवी असेल किंवा लांब इंजिनावर जीव असेल, तर इंजिन पुढे ठेवा. १९८९ ची पहिली माझदा एमएक्स-५ याच मांडणीची होती, आणि वजनाची वाटणी जवळपास निम्मी-निम्मी होती. त्यासाठी इंजिन पुढच्या ॲक्सलच्या रेषेमागे जाईल अशी बॉडी शोधा. दोनच आसनं पुरत असतील, गाडी ११०० किलोच्या आत ठेवायची असेल आणि टायर-अँटी-रोल बारच्या दहा-बारा फेऱ्या करायची तयारी असेल, तर मधलं इंजिन निवडा. पण १५५ / १५५ चे सारखे टायर लावून ते करून बघू नका.