छोट्या शीडबोटीसाठी कोणती बॅटरी, कोणतं पॅनल?

मुंबईत किंवा मांडव्याला पंचवीस-तीस फुटी शीडबोट ठेवणारे आणि हिवाळ्यात जमेल तसं जयगड, विजयदुर्ग, मालवणपर्यंत जाऊन येणारे आपण मूठभर लोक. ऑक्टोबर आला की त्यातल्या कोणाचा ना कोणाचा फोन येतोच. जुनी बॅटरी मेली, आता ट्युब्युलरच (पाणी घालायची लेड-ॲसिड) घेऊ, एजीएम (तीही लेड-ॲसिडच, पण सीलबंद) घेऊ की लिथियम? आणि सौर पॅनल काचेचं घ्यावं की डेकवर चिकटवायचं लवचीक? प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढतो. मी आधी ट्युब्युलर वापरली, आता लिथियम वापरतो. एजीएमचा अनुभव मित्राच्या बोटीवरचा आहे. तेव्हा हे मत कुठे झुकणार ते तुम्हाला कळलंच असेल, पण ट्युब्युलरवर अन्याय करायचा नाही असं ठरवून बसलो आहे.

विजेचा हिशोब ज्याचा त्याने मांडावा. माझ्याकडे प्लॉटर (सागरी नकाशाचा पडदा), व्हीएचएफ (बोटीचा रेडिओ), सुकाणू धरणारा ऑटोपायलट, रात्रीचे एलईडी दिवे, एक पंखा आणि फोन मिळून दिवसाला ४० अँपिअर-अवरच्या (एएच) आसपास जातात. फ्रिज नाही आणि तो नसावा असंच मी सुचवेन. हर्णै, रत्नागिरी, देवगड अशा मासेमारीच्या बंदरांत बर्फ मिळतोच. चांगल्या आइसबॉक्समध्ये तो दोन-तीन दिवस सहज टिकतो. आपल्या हवेत फ्रिज एकटाच बाकी सगळ्यांच्या बरोबरीने वीज खातो, आणि मग बॅटरी दुप्पट, पॅनल दुप्पट, वजन दुप्पट.

आधी ट्युब्युलरच्या बाजूने बोलतो. ही बॅटरी आपल्याला घरातल्या इन्व्हर्टरमुळे माहीत आहे. मालवणात असो की मुरुडमध्ये, बिघडली तर बघणारा माणूस त्याच गावात भेटतो आणि नवी संध्याकाळपर्यंत जेट्टीवर येते. जुनी परत दिली की पैसे सुटतात. थोडी जास्त उतरली, थोडी जास्त भरली तरी रुसत नाही. सौरऊर्जेसाठी घेत असाल तर सी-१० रेटिंगची, म्हणजे दहा तासांत उतरवून मोजलेल्या क्षमतेची घ्या. इन्व्हर्टरवाल्या बऱ्याच बॅटऱ्यांवर सी-२०चा, म्हणजे वीस तासांचा आकडा असतो, तो कागदावर मोठा दिसतो इतकंच. १५० एएचच्या ट्युब्युलरमधून रोज निम्मेच, म्हणजे जास्तीत जास्त ७५ काढायचे, तरी माझं भागत होतं. पहिला खर्चही लिथियमपेक्षा बराच कमी.

बोट कलली की झाकणाभोवती ॲसिड पाझरतं, हे खरं आहे. त्यात समुद्राचं पाणी मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो, म्हणून बॅटरी पक्क्या खोक्यात, पट्ट्याने आवळून आणि बिल्जच्या, म्हणजे बोटीच्या तळाशी साचणाऱ्या पाण्यापासून उंच ठेवावी लागते. डिस्टिल्ड वॉटर भरायला कॉकपिटच्या लॉकरमध्ये डोकं खाली घालून, तोंडात टॉर्च धरून लोंबकळावं लागतं. हे सगळं मी निमूट करत होतो. एवढ्यासाठी मी बॅटरी बदलली नसती.

बदलली ती पावसाळ्यामुळे.

मे संपता संपता आपल्या बोटी पाण्याबाहेर निघतात. कोळी बांधवांची बंदी १ जून ते ३१ जुलै असते आणि नारळी पौर्णिमेला ते समुद्राला नारळ देऊन मोकळे होतात. आपण हौशी लोक ऑक्टोबरशिवाय बोट पाण्यात घालत नाही. म्हणजे चार महिने बोट यार्डात, ताडपत्रीखाली. वाऱ्याला अडतात म्हणून पॅनल काढलेली, आणि नसती काढली तरी ताडपत्रीखाली ऊन कुठलं? यार्डात प्लग मिळण्याची खात्री नाही, मिळाला तरी भर पावसात चार्जर लावून निघून जायची माझी छाती नाही. आणि लेड-ॲसिड बॅटरी अर्धवट भरलेली पडून राहिली की प्लेटांवर सल्फेटचा थर धरते, तो घट्ट झाला की परत निघत नाही. महिन्याकाठी एकदा तरी तिला पोटभर चार्ज लागतो. यावर उपाय एकच, बॅटरी घरी न्यायची.

आता ५०-६० किलोची ट्युब्युलर लॉकरमधून काढून नऊ फूट खाली जमिनीवर कशी उतरवायची? आम्ही तिला दोराची झोळी करून बूमला (शिडाच्या खालच्या आडव्या दांड्याला) टांगायचो. मेनशीटच्या (बूम ओढायच्या दोराच्या) कप्प्यांवर उचलायची, बूम हळूच बाहेर फिरवायची, खाली एकाने हात धरायचा आणि वरच्याने दोर ढिला सोडायचा. ती कलता कामा नये. दर वेळी थोडीशी कलायचीच. त्या दिवशीची पँट घरी धुतली की मांडीवर बारीक बारीक भोकं दिसायची, कारण ॲसिडचा थेंब धुतल्याशिवाय दिसत नाही. पुढे टॅक्सी. डिकीत काय आहे ते कळल्यावर ड्रायव्हर भाडं नाकारायचा, आणि त्याचं काही चुकत नव्हतं. मग सोसायटीची लिफ्ट, वॉचमनचा चेहरा, बाल्कनीचा कोपरा. चार महिने वाळत घातलेल्या कपड्यांखाली ती काळी पेटी आणि चार्ज होताना येणारा आंबूस वास. सप्टेंबर संपला की हीच सगळी यात्रा उलट दिशेने.

एवढं करूनही बॅटरीची ताकद मोसमागणिक कमीच होत गेली. त्याचं कारण मात्र पावसाळा नसून सूर्य होता. लेड-ॲसिड बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत भराभर भरते, मग करंट घेणं कमी कमी करत जाते. उरलेल्या २० टक्क्यांना चार-पाच तास लागतात. पॅनलवर ती ८० ला पोहोचते तोवर दुपारचे दोन वाजलेले असतात. विजयदुर्गच्या खाडीत नांगरावर बसून मी चार्ज कंट्रोलरचा (पॅनल आणि बॅटरीच्या मधल्या यंत्राचा) पडदा बघत असे. वर रणरणतं ऊन, पॅनल दहा अँपिअर द्यायला तयार, आणि बॅटरी तीनच घेतेय. चारनंतर ऊनच उतरतं. म्हणजे ती रोज थोडी उपाशी झोपायची. घरी महावितरणच्या विजेवर रात्रभर चार्ज करणाऱ्याला हे कधी जाणवत नाही, म्हणून ट्युब्युलर घरी बरीच वर्षं आणि बोटीवर त्याहून कमी, असं होतं.

एजीएमबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पाणी घालायला नको, सांडत नाही, आडवी ठेवली तरी चालते, १०० एएचला तीसेक किलो. मित्राच्या बोटीवर ती व्यवस्थित चालली आहे. पण पूर्ण चार्जची भूक तीच, पावसाळ्याची रड तीच. शिवाय उष्णतेने आतून सुकली तर पाणी घालून जगवताही येत नाही. यूपीएसमधून काढलेल्या जुन्या एसएमएफ (सीलबंद लेड-ॲसिड) बॅटऱ्या स्वस्तात मिळतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

लिथियम म्हणजे इथे लिथियम आयर्न फॉस्फेट, चार सेलची, १२.८ व्होल्टची. फोनमधली ती वेगळी. १०० एएचचं वजन ११-१२ किलो, आणि त्यातले ८०-९० वापरता येतात, म्हणजे माझ्या जुन्या १५०च्या ट्युब्युलरपेक्षा जास्तच. जवळजवळ भरेपर्यंत ती पॅनलचा सगळा करंट घेत राहते, त्यामुळे दुपारचं ऊन वाया जात नाही. अर्धवट भरलेली राहिली तर तिला काहीच होत नाही, उलट साठवायची तर अर्धीच भरून ठेवावी. मे महिन्यात ती निम्म्यावर आणतो, दोन्ही तारा काढतो आणि वाण्याकडची पिशवी आणावी तशी एका हाताने घरी नेतो. टॅक्सीवाला विचारत नाही. कपाटात ठेवली की ऑक्टोबरपर्यंत तिची आठवणही येत नाही.

तिचेही त्रास आहेत, ते लपवत नाही. पहिला म्हणजे बीएमएस, बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम. आतलं हे सर्किट बॅटरी वाचवण्यासाठी न विचारता सगळं तोडतं. रात्री तीनला असं झालं तर नांगराचा दिवाही जातो, आणि पहाटे बंदरातून सुटणारे ट्रॉलर अंधारातल्या बोटीला चुकवतील असा भरवसा मी धरणार नाही. म्हणून नांगराचा दिवा आणि व्हीएचएफ यांच्यासाठी १२ व्होल्ट ७ एएचची यूपीएसची छोटी बॅटरी वेगळी ठेवा. ती कुठेही मिळते.

दुसरं, व्होल्टमीटर बघून बॅटरी किती उरली हे कळायचं बंद होतं. लेड-ॲसिडमध्ये १२.७ म्हणजे भरलेली आणि १२.२ म्हणजे निम्मी, हा हिशोब अंगवळणी पडलेला असतो. लिथियमचा व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत सपाट राहतो आणि मग एकदम कोसळतो. शंटवाला (आत-बाहेर जाणारा करंट मोजणारा) मॉनिटर लागतोच, तो खर्च धरून चाला. तिसरं, ज्यांच्या बोटीत डिझेल इंजिन आहे त्यांनी इंजिनवर वीज बनवणाऱ्या आल्टरनेटरला ती थेट जोडू नये. ती इतका करंट ओढते की आल्टरनेटर तापतो, आणि चालू चार्जिंगमध्ये बीएमएसने तोडलं तर डायोड उडू शकतात. मध्ये करंट आवरणारा डीसी-डीसी चार्जर हवा. माझं आउटबोर्ड (बोटीच्या मागे टांगायचं इंजिन) असल्याने मी यातून सुटलो.

खरेदी करताना सौर पथदिव्यांसाठी बनवलेले १२.८ व्होल्टचे पॅक स्वस्तात दिसतील. सेल ठीक असतात, पण बीएमएस छोटा असतो. सलग किती अँपिअर देतो हे लेखी विचारा आणि खोकं बंदिस्त आहे का ते बघा, खाऱ्या हवेत उघडं सर्किट टिकत नाही. केबिन मे महिन्यात भट्टी होते, तेव्हा बॅटरी जेवढी खाली, पाण्याच्या पातळीजवळ ठेवता येईल तेवढी बरी.

पॅनलचं मला फार अवघड वाटलं नाही. लवचीक पॅनल दिसायला सुंदर, वजन नाही, वारा अडत नाही. पण डेकला चिकटलेलं असल्याने खालून हवा नाही. पॅनल तापलं की दर अंशाला ०.३५ ते ०.४ टक्के वीज कमी होते, आणि एप्रिलच्या उन्हात चिकटवलेलं पॅनल हवेपेक्षा किती तापत असेल ते त्यावर अनवाणी पाय ठेवून बघा. वर दोर घासतात, माणसं चालतात. दोन-चार वर्षांत डाग पडू लागलेली मी बरीच पाहिली आहेत. काचेचं पॅनल मागच्या रेलिंगला बिजागरीवर लावलं की खालून वारा लागतो आणि उन्हाकडे कलवताही येतं. त्याचा धोका वेगळा आहे. आपल्या बंदरांत जागा नसते, ट्रॉलरच्या अंगाला बोट लावावी लागते, तेव्हा बाहेर आलेली काच आधी फुटते. जेट्टीजवळ येण्यापूर्वी दुमडायची सवय लावून घ्या.

१००-१०० वॉटची दोन, दोन्ही बाजूंना एकेक, आणि प्रत्येकाला स्वतःचा छोटा एमपीपीटी (पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा) कंट्रोलर. एकत्र जोडली तर एकावरची सावली दुसऱ्यालाही मागे ओढू शकते. सावलीच्या बाबतीत कोकण किनारा आपल्या बाजूने आहे. सकाळी मतलई वारा पूर्वेकडून आणि ऊनही पूर्वेकडून. दुपारनंतर खारा वारा वायव्येकडून आणि ऊन पश्चिमेकडून. वारा आणि सूर्य बोटीच्या एकाच अंगाला, शीड दुसऱ्या अंगाला, त्यामुळे एक पॅनल बहुतेक वेळ मोकळं राहतं. अपवाद मध्यान्हीचा. डिसेंबरात मुंबईला सूर्य तेव्हाही ४७-४८ अंशांवरच असतो आणि दक्षिणेकडे जाताना शिडाची सावली थेट मागे येते. परतताना तोच सूर्य पाठीशी असतो, त्यामुळे येताना वीज जास्त मिळते. नांगरावर सकाळी नाळ (बोटीचं पुढचं टोक) पूर्वेला वळलेली असते, मग डोलकाठीची आणि बूमची सावली मागे पडते. बूम दोराने एका बाजूला ओढून बांधली की बरंच काम होतं.

आता, ज्याच्या यार्डात छपराखाली भरवशाचा प्लग आहे, किंवा जो मोसमात चार-पाच रविवारीच मांडव्याच्या आसपास फिरतो, त्याने लिथियमवर पैसे घालावेत असं मी म्हणणार नाही. त्याला ट्युब्युलर पुरेल. बाकीच्यांनी बजेट अपुरं पडलं तर पॅनल एकच घ्यावं, दुसरं पुढच्या वर्षी, पण बॅटरी लिथियमच घ्यावी. आणि तारेत काटकसर नको. लोहार चाळीत साधी तांब्याची तार लगेच मिळते, ती दोन मोसमांत आतून हिरवी पडते. कल्हई केलेली तांब्याची तार मागा, एका दुकानात नसली तर पुढच्या दुकानात विचारा. फ्यूज बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ बसवा, आणि पॅनलच्या ॲल्युमिनियमच्या चौकटीला स्टेनलेसचा बोल्ट लावताना मध्ये नायलॉनचा वॉशर घाला, नाहीतर खारं पाणी तिथूनच चौकट खायला सुरुवात करतं.